तिसऱ्या पंचाचं राहिलेलं मत

यंदा आमच्याकडे आंबा उशिरा आला. पहिला मोहोर थंडीत भरगच्च आला होता, पण त्यातला निम्मा अवेळच्या ढगांनी नेला आणि उरलेला तुडतुड्यांनी. मग फेब्रुवारीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कलमं पुन्हा फुलली. आता मे संपत आला तरी पावसच्या आमच्या बागेत फळ उतरवणं चालूच आहे. या उशिराच्या फळाला कुणी विचारत नाही. मुंबईचे दलाल फोन उचलत नाहीत आणि उचललाच तर, काकी, आता आंबा नको, असं म्हणून मोकळे होतात. खाणाऱ्यालाच तेवढं ठाऊक असतं की हंगामातला सगळ्यात गोड आंबा हाच. माजघरात गवतात घातलेली आढी मी आज सकाळी उघडली, तो वास अंगावर आला आणि मला पूर्णगडच्या जनूकाकांची आठवण झाली. आढी तशीच उघडी टाकून मी पडवीत येऊन बसले.

पडवीत दोन खुर्च्या आहेत. एकीत बाबा बसतात. दुसरी रिकामी असते, पण ती हलवायची नाही. मी एकदा केर काढताना ती आत नेली तर बाबा अर्धा तास बेचैन होते आणि काय हरवलंय ते त्यांना सांगता येत नव्हतं.

माझे बाबा बॉक्सर होते. हे वाक्य मी शाळेत असताना फार ताठ मानेने बोलायची आणि कुणी विश्वास ठेवायचं नाही, कारण आमच्या भागातल्या मुलांचे बाप एकतर बागायतदार, नाहीतर मास्तर, नाहीतर मुंबईला नोकरीला. बाबाही मुंबईला एका कारखान्यात नोकरीला होते आणि त्या कारखान्याच्या संघातून लढायचे. जनूकाकाही त्याच संघात. जात खारवी, घर किल्ल्याच्या पायथ्याशी, आणि मुंबईत बाबांबरोबर एकाच खोलीत बिऱ्हाड. दोघांचं वजन एकच, त्यामुळे सराव एकमेकांशीच. सकाळी एकमेकांच्या तोंडावर ठोसे मारायचे आणि दुपारी एकाच डब्यातलं जेवायचे. आई म्हणायची, या दोघांचं लग्न लागायला हवं होतं, मी उगाच मध्ये आले.

मला आज आठवतो तो चार वर्षांपूर्वीचा हंगाम. त्या वर्षीही आंबा असाच मागे पडला होता. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी रत्नागिरीत शाळेत गणित शिकवते, सुट्टी लागली की पावसला येते, तशी आले होते. बाबा गोष्टी विसरायला लागले होते. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, मग आई गेली हेच. एके दिवशी बागेतून घरी यायची वाट विसरले आणि दगडी गडग्याला हात लावत लावत भलत्याच्याच खळ्यात जाऊन उभे राहिले. मी त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो प्रकाशात धरले आणि फार सांभाळून सांगितलं, की तरुणपणी डोक्याला बसलेल्या माराचे परिणाम असे उतारवयात दिसतात, बाहेरून काही कळत नाही, आत मात्र झीज होत राहते. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साका म्हणा की सरळ."

डॉक्टर इथलेच, त्यांना लगेच कळलं. साका म्हणजे हापूसचा शाप. फळ वरून देखणं, रंग सुरेख, वास सुरेख, आणि कापलं की बाठ्याजवळ पांढरा, आंबट, खाता न येणारा गर. कापेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर कसनुसं हसले. मी हसले नाही. मला त्या क्षणी बाबांच्या सगळ्या कपांचा, पदकांचा आणि त्या खेळाचाच इतका राग आला होता की बाहेर आल्यावर मी रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

डॉक्टरांनी एवढंच सुचवलं होतं, की जुन्या गोष्टी बोलायला लावा, आवडीचं काही दाखवा. म्हणून मी जनूकाकांना फोन केला. पावसाच्या आधी होड्या किनाऱ्यावर वर काढतात, होडीचं सगळं मुलगा बघायचा, त्यामुळे काका तसे मोकळेच होते. दुसऱ्या दिवसापासून जेवून खाऊन दुपारच्या एसटीने ते रोज पूर्णगडहून यायला लागले. पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत कधी सुके बांगडे तर कधी नुसतंच वर्तमानपत्र. उजवा हात अंगाशी धरलेला. तो खांदा फार जुना निखळलेला, कुणीतरी वाईट बसवलेला, त्यामुळे हात छातीच्या वर जात नसे. एसटीचा वरचा दांडा ते डाव्या हाताने धरायचे, भात डाव्या हाताने कालवायचे. बागेत कुणी फळ काढायचा झेला पुढे केला तर म्हणायचे, "मना नको तो बांबू. मी खाली बसून खायाचं काम करतो."

मग त्या दुपारी सुरू झाल्या. मी मोबाइलवर जुन्या लढती लावून द्यायची आणि दोघं डोकं डोक्याला लावून बघत बसायचे. अंगणात मांडवाची सावली, बाजूला देठ मोडलेल्या आंब्यांचा चीक, त्याचा उग्र वास, आणि फोनमधून येणारा परक्या देशातल्या माणसांचा आरडाओरडा. लढत संपली की वाद. वादाचा विषय कायम एकच: म्हातारपणी कुणी काय करून दाखवलं. तरुणपणीच्या विजयांना त्यांच्या लेखी किंमत नव्हती. बाबा म्हणायचे, "विशीत कोणीही मारतो. त्यात अंग लढतं, माणूस लढत नाही." म्हणून नियम केला होता, पस्तिशीच्या पुढचं तेवढंच धरायचं.

त्या जगज्जेत्यांची नावं दोघांच्याही जिभेवर वळत नव्हती, तेव्हा त्यांनी आपली नावं ठेवून टाकली. एक दाढीवाला. तो तरुणपणी पट्टा घालवून बसलेला आणि चाळिशी उलटल्यावर, पोट सुटल्यावर, परत येऊन तो जिंकलेला. एक मास्तर. हा ठोसा मारायचाच नाही फारसा, नुसता चुकवायचा. सगळं आयुष्य शिस्तीत लढला, शेवटची लढत जिंकला आणि दुसऱ्या दिवसापासून हातमोजे खुंटीला. आणि एक हिरवी चड्डी. हा तिघांतला सगळ्यात देखणा, सगळ्यात चपळ. थांबायला हवं तेव्हा थांबला नाही. पाय जड झाले, नजर गेली, ज्यांनी लहानपणी त्याचे फोटो भिंतीला लावले होते अशा पोरांनी त्याला मारलं. पण त्या सगळ्या पडझडीच्या मधोमध, सगळे संपला म्हणत असताना, एक लढत तो अशी जिंकला की बघताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. आणि मला हा खेळ आवडत नाही.

जनूकाकांचं मत पक्कं होतं. "जिकून थांबला तो खरा. मास्तराचं बघ, शेवटाला हात वर करून उतरलान. हिरव्या चड्डीचं काय? शेवट मार खाऊन गेलान. शेवटाला काय केलान तेच लोकांच्या ध्यानात ऱ्हातं."

"लोकांचं सोड," बाबा म्हणायचे. "हरणार माहीत असून उभा राहिला तो मोठा. मास्तरने जोखीम कुठे घेतली? हिरव्या चड्डीने नंतर दहा लढती हरल्या म्हणून त्याची ती एक जिंकलेली पुसली जाते का?"

"पुसली जाते."

"नाही जात, जन्या."

हे रोज. एकेका लढतीचा कितवा राउंड, कुणाचा पाय कधी डगमगला, पंचाने किती आकडे मोजले, सगळं चिरफाड करून. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, ते माझे बाबा चाळीस वर्षांपूर्वीच्या ठोशाचा कोन हाताने करून दाखवायचे. दोघांचं एक एक मत झालं की दोघंही माझ्याकडे वळायचे. मी तिसरा पंच. आणि मी दर वेळी म्हणायची, "मला पेपर तपासायचेत, उद्या सांगते." पुरवणी परीक्षेचे पेपर खरोखरच होते, पण खरं म्हणजे मला कंटाळा यायचा. त्यांना वाटायचं मी विचार करत्ये.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले, आणि मी स्वतःला हुशार समजते. बाबा स्वतः जिंकून थांबले होते. छत्तिसाव्या वर्षी, कारखान्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना. समोर जनूकाका, वय चौतीस. संघात एकच जागा उरली होती आणि जो जिंकेल त्याला कंपनी कायम करणार होती. दोघांच्याही कोपऱ्यात मदतीला कुणी नव्हतं, म्हणून कपडे बदलायच्या खोलीत दोघांनी एकमेकांच्याच हातांना पट्ट्या बांधल्या. बाबांनी विचारलं होतं, घट्ट झाली का रे, आणि जनूकाका म्हणाले होते, बरी आहे, बांध. मग बाहेर जाऊन लढले. बाबा जिंकले, कायम झाले, पुन्हा रिंगणात उतरले नाहीत. त्या पगारावर मी शिकले. मी तेव्हा आठ वर्षांची, इथे पावसला. बाबांचं पत्र आलं तेव्हा आईने साखर वाटली होती आणि बाकीचं सगळं मी नंतर ऐकलेलं आहे. जनूकाका पुढची तीन वर्षं, मिळेल त्या ठिकाणी, मिळेल त्याच्याशी लढत राहिले. एकही जिंकले नाहीत. शेवटच्या लढतीत खांदा गेला आणि ते पूर्णगडला परत येऊन जाळी विणायला बसले.

म्हणजे मास्तरची बाजू बाबांनी घ्यायला हवी होती आणि हिरव्या चड्डीची जनूकाकांनी. नेमकं उलट चाललं होतं. दोघंही रोज दुपारी माझ्यासमोर बसून घसा कोरडा होईपर्यंत एकमेकांची बाजू मांडत होते, आणि मी आत बसून लाल पेनाने मुलांच्या चुका काढत होते.

मेचा शेवटचा आठवडा असेल. दक्षिणेचा वारा सुरू झाला होता, कातळावरची धूळ पडवीपर्यंत यायची. बाबांनी एका लढतीच्या मध्येच फोन बाजूला ठेवला आणि अगदी सहज म्हणाले, "जन्या, त्या दिवशी तू फार सुंदर जिंकलास हो."

"कधी?"

"फायनलला. माझ्या डाव्या डोळ्याखाली लागला तो. मला दिसलाच नाही."

जनूकाका हसले. त्यांना वाटलं, थट्टा. "वश्या, तो तू मारलास. मी खाल्ला."

"छे. तुझा हात वर केला होता पंचाने."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. जनूकाका आता हसत नव्हते. एसटीला जाताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. "बाय, जिकलेलं त्याला एवढं एकच हाय. तेवढं तरी त्याच्याजवळ ऱ्हाऊ दे. तू काय तरी कर."

मी जे केलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. मी मास्तरीण आहे, मला चुकीचं उत्तर दिसलं की राहवत नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी भिंतीवरचा त्या फायनलचा फोटो काढला, काच पुसली आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. फोटोत मध्ये पंच, एका बाजूला एक सुजलेला चेहरा, त्याचा हात वर, दुसऱ्या बाजूला दुसरा सुजलेला चेहरा, मान खाली.

"हा बघ जन्या," बाबा हात वर असलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणाले.

"नाही बाबा. हे तुम्ही. कानाची पाळी बघा, तुमचीच आहे. जिंकलेले तुम्ही आहात."

ते बघत राहिले. कानाला हात लावून बघितला. त्यांचा स्वतःचा. मग मान खाली घातलेल्या माणसावर बोट फिरवत म्हणाले, "मग जन्या हरला?"

"हो."

"मग त्याला कायम नाही केलं?"

बाबा रडायला लागले. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. "त्याची दोन पोरं लहान आहेत गो," म्हणत होते. "मला कळायला हवं होतं. माझं काय, माझी बाग तरी आहे. त्याचं काय आहे? हे काय केलं मी?" छत्तीस वर्षं त्यांनी जे कधीही, कुणाजवळही, आईजवळसुद्धा उच्चारलं नव्हतं ते असं एका दुपारी, आंब्याच्या खोक्यांच्या मध्ये बसून, बाहेर पडत होतं. ज्या विजयाला मी त्यांचं वैभव समजत होते तो ते एवढी वर्षं असा छातीवर घेऊन झोपत होते. आता विसरता विसरता त्यांनी तो ज्याचा वाटत होता त्याला देऊन टाकला होता, आणि मी फोटो पुसून तो त्यांना परत केला.

जनूकाका समोर उभे होते. इतका वेळ ते खाली बघत होते. त्यांनी बाबांच्या मांडीवरून फोटो घेतला, उलटा करून खुर्चीखाली ठेवला आणि बाबांच्या समोर येऊन उकिडवे बसले.

"वश्या, पोरीला काय कळतं? ती होती काय तिथं? मी जिकलो. मना कायम केलान. रिटायर होईस्तवर होतो."

बाबांनी तोंड वर केलं. "खरं?"

"खरं म्हंजे काय. साहेबाने हार घातलान."

"आणि मी?"

"तू शेवटपर्यंत उभा होतास. पडला नायस. लोक तुझ्या नावाने टाळ्या वाजवत होते, मना राग आलता."

बाबांना ते पटलं. चेहरा इतका निवळला की मला बघवेना. ते खुर्चीवरून उठले, जनूकाकांनाही उठवलं, त्यांचं उजवं मनगट धरलं आणि चाचपून म्हणाले, "पट्टी घट्ट नाही ना झाली?"

"बरी आहे," जनूकाका म्हणाले. "बांध."

आणि बाबांनी त्यांचा हात वर केला. मी पुढे झाले, कारण तो खांदा मला माहीत होता. जनूकाकांनी डाव्या हाताने मला थांबायची खूण केली. छातीच्या वर न जाणारा तो हात आधी खांद्याला आला, मग कानाला, मग डोक्याच्या वर. कसला तरी बारीक आवाज झाला. काकांचे ओठ पांढरे पडले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसत होते. बाबा अंगणातल्या कलमांकडे तोंड करून मोठ्याने काहीतरी जाहीर करत होते. मी टाळ्या वाजवल्या. मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या दिवशी एसटीत चढताना त्यांना दांडा डाव्या हातानेही धरवेना, मी वर चढवून दिलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "जा, आंबे भर. वारा फिरलाय." त्यानंतर शेवटापर्यंत ते बाबांसमोर जिंकलेले म्हणूनच बसले. थोडी ऐट करायचे. बाबांना ती ऐट फार आवडायची.

जनूकाका गेल्या थंडीत गेले. मी पूर्णगडला जाऊन आले, किल्ल्याच्या खाली त्यांच्या अंगणात अर्धवट विणलेलं जाळं तसंच टांगलेलं होतं. बाबांना मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे कोसळले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, होड्या वर काढतायत, येतील. आता रोज हेच सांगते. खोटं बोलायला मी त्यांच्याच मित्राकडून शिकले, पण मला ते त्यांच्याइतकं साधत नाही. बोलताना मी बाबांकडे न बघता दुसरीकडे बघते.

आज सकाळी आढीचा वास घेऊन पडवीत बसले होते तेव्हा बाबांच्या हातात एक आंबा होता. तो ते तळव्यात तोलत होते, पूर्वी वजन सांगायचे तसे. बराच वेळ तोलून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं मत राहिलंय."

"कशाचं?"

"दोन झालीत. तिसरं तुझं. उतारवयात सगळ्यात मोठी कामगिरी कुणाची?"

माझं नाव त्यांना गेल्या दिवाळीपासून आठवत नाही. मी पंच आहे हे आठवत होतं. दाढीवाला, मास्तर, हिरवी चड्डी, तिघंही माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेले, आणि या वेळी मी पेपर तपासायचेत असं म्हटलं नाही.

"जनूकाकांची," मी म्हटलं.

बाबा खूश झाले. मान डोलवत राहिले. मग काहीतरी खुपल्यासारखे थांबले. नियमाची आठवण झाली असावी. "किती वर्षांचा होता तेव्हा जन्या?"

"सत्तर."

"सत्तराव्या वर्षी कोण लढतं गो?" ते हसायला लागले.

"लढले," मी म्हटलं. "मी होते तिथे."